पानावरची ओळख

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान द्यायला आम्ही उभयता काही विद्वान नव्हेत. आमच्यापैकी एकाने आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, दुसरीने बालवाडी आणि घर सांभाळले. कार्यकारिणीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "गेल्या चवथीला तुमच्याकडे स्पेनची मुले आली होती ना, त्यावर बोला." आम्हाला वाटले, दोन पाहुणे आले, जेवले आणि गेले, त्यात बोलण्यासारखे काय? पण खरे सांगायचे तर त्या दोन दिवसांची आठवण आम्हाला वर्षभर दोन कारणांनी येत राहिली. एक कारण आनंदाचे आहे. आमचा धाकटा नातू पुढच्या शिक्षणासाठी स्पेनलाच निघाला आहे. दुसरे कारण दुःखाचे आहे, ते शेवटी सांगू.

आपण बहुतेक जण इथे तीन-तीन पिढ्या राहिलो. कुणाचे वडील १९६१ नंतर गावोगावी मराठी शाळा निघाल्या तेव्हा शिक्षक म्हणून आले, कुणाचे खाणीवर हिशेबनीस म्हणून आले, कुणाची मुळे सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची. आता आपण पाळीचेच. गणपतीला 'चवथ' म्हणतो, करंजीला 'नेवरी' म्हणतो, आणि घरात मराठी बोलताना निम्मे शब्द कोकणी येतात ते आपल्या ध्यानातही येत नाही. तेव्हा आजचे बोलणे ऐकताना 'हे तर आम्हाला ठाऊक आहे' असे तुम्हाला पुष्कळ वेळा वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते. त्या मुलांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मग आम्ही अडलो.

आमची नात पणजीला शिकते. तिच्याबरोबर काही महिन्यांच्या अभ्यासासाठी आलेली दोन मुले होती, एक मुलगी व्हॅलेन्सियाकडची आणि एक मुलगा सेव्हिलचा. हॉटेलात राहून चवथ कशी कळणार, म्हणून नातीने त्यांना गावी आणले. गाडीतून उतरताच ती मुलगी हसत पुढे आली आणि आमच्यापैकी जी आजी आहे तिच्या गालाला गाल लावायला वाकली. आजी दोन पावले मागे सरकली आणि पाठीमागच्या तुळशीवृंदावनावर आपटली! मुलगी बिचारी कावरीबावरी झाली. नातीने समजावले, की स्पेनमध्ये भेटल्यावर गालाला गाल लावून दोनदा चुंबनाचा आवाज करतात. बायका सगळ्यांनाच तसे भेटतात, पुरुष परक्या पुरुषाशी हात मिळवतात. आपल्याकडे वडिलांच्या पाया पडतात, हे मग आम्ही तिला सांगितले. तिने लगेच विचारले, "पायाच का?" काय सांगणार? "मोठ्यांचा आशीर्वाद मिळतो," एवढेच आम्ही बोललो. हा पहिला प्रश्न. पुढे दोन दिवसांत असे किती आले त्याची गणती नाही.

पहिला गोंधळ झाला तो वेळेचा. आम्ही ऐकून होतो की विलायतेत सगळे लवकर जेवतात. म्हणून सणाचे पान बारा-साडेबारालाच वाढू असे ठरवले. मुले म्हणाली, आमच्याकडे दुपारचे जेवण दोननंतर, तीनलाही चालते, आणि रात्रीचे नऊ-दहाला. मग मधल्या वेळेत करतात काय? तर व्हॅलेन्सियाच्या बाजूला सकाळी दहा-अकराच्या सुमारास कामकरी माणसे काम थांबवून चांगले भरलेले पाव, ऑलिव्ह, शेंगदाणे असे पोटभर खातात. हे ऐकून आम्हाला हसू आले. आपली दहाची पेज काय वेगळी आहे? शेतात, खाणीवर, शाळेतसुद्धा दहाच्या सुट्टीला उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, हा आपला जुना रिवाज. दुसऱ्या दिवशी त्यांना पेज दिली. सेव्हिलच्या मुलाने दोन वाट्या घेतल्या.

आणि दुपारची झोप! जगभर 'सिएस्ता' म्हणून स्पेनची झोप प्रसिद्ध आहे. तिकडे लहान गावात दोन ते पाच दुकाने बंद असतात, उन्हाळ्यात तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. डिचोलीच्या बाजारात दुपारी एकनंतर जाऊन पाहा, काय वेगळे दिसते? मुंबई-पुण्याचे आपले नातेवाईक दुपारी बंद शटर पाहून आपल्याला आळशी म्हणतात. त्या मुलांनी मात्र काही विचारले नाही, सोप्यावर चटई अंथरून सरळ आडवी झाली. उन्हाच्या देशात उन्हाच्या वेळी काम न करणे हे शहाणपण आहे, हे त्यांना सांगावे लागले नाही. स्पेनला आणखी एक कारण आहे. १९४० साली तिथल्या सरकारने घड्याळ एक तास पुढे करून मध्य युरोपच्या वेळेला जोडले आणि ते तसेच राहिले. सूर्य लंडनचा, घड्याळ बर्लिनचे, म्हणून तिथे घड्याळात पाहिले तर सगळे उशिरा होते असे वाटते. आमच्या नातवाला आम्ही बजावले आहे, "बाबा, तिथे रात्री सातला जेवण शोधू नकोस, स्वयंपाकघर उघडलेलेच नसेल."

आता पानाकडे येऊ. चवथीचे पान तुम्हाला ठाऊकच आहे. केळीच्या पानावर मीठ, लोणचे, तवशाची कोशिंबीर, अळूचे फतफते, मुगागाठी, खतखते, वडे, भात-वरण, पातोळ्यो, नेवऱ्यो, शेवटी मणगणे. मुलगी शेजारी वही घेऊनच बसली होती. प्रत्येक पदार्थाचे नाव, त्यात काय आहे, कधी करतात, असे लिहून घ्यायची. पातोळीला हळदीचेच पान का? आम्ही म्हणालो, वास चांगला लागतो आणि श्रावण-भाद्रपदात हळदीची पाने भरपूर असतात. खतखत्यात तिरफळ घालतात पण खात का नाहीत? आम्ही म्हणालो, तिचा फक्त वास उतरवायचा असतो, बी कडक आणि जिभेला झोंबणारी. इथवर ठीक होते.

मग तिने विचारले, "हे सगळे खूप जुने आहे का?" आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, "पूर्वापार." सेव्हिलचा मुलगा इतिहास शिकणारा. तो खतखत्याच्या वाटीकडे पाहत हळूच म्हणाला, "मका, लाल भोपळा, रताळे, मिरची, हे सगळे तर अमेरिकेहून आले ना?"

मंडळी, आम्ही गप्प झालो. पण तो खरे बोलत होता. स्पेनच्या राजाराणीने पाठवलेला कोलंबस १४९२ साली समुद्रापलीकडे पोहोचला, आणि तिथून मिरची, मका, रताळे स्पेनमध्ये आले. बटाटा, टोमॅटो पुढच्या शतकात. पोर्तुगीजांनी त्यातले कितीतरी जिन्नस सोळाव्या शतकात जहाजांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणले. काजू ब्राझीलचा, अननस तिकडचा, पपई, पेरू, सीताफळ तिकडचे. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि सुंठ. आज हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आपण अभिमानाने ती विकत घेतो. तिचे मूळ घर मात्र फार दूर आहे.

एक गंमत इतिहासातलीही सांगतो. इ. स. १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता. म्हणजे तितका काळ तिसवाडी, बारदेस, साष्टीचा कारभार त्याच राजाच्या नावाने चालत होता. आपला डिचोली महाल तेव्हा त्या राज्यात नव्हता; नव्या काबिजादीत तो अठराव्या शतकाच्या अखेरीस गेला. म्हणूनच इथली देवळे आणि इथली मराठी टिकली असे आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण मिरचीने आणि काजूने कुणाच्या सरहद्दी विचारल्या नाहीत. राजा येण्याच्या कितीतरी आधी त्या आपल्या परसात आल्या.

आमच्या घरी जुन्या पिढीला हे ठाऊक असावे असे आता वाटते. श्राद्धाच्या स्वयंपाकात आमच्या आजीच्या घरी बटाटा, कोबी, टोमॅटो चढत नसे. तिखटाला मिरीच. लहानपणी आम्हाला तो नुसता सोवळेपणा वाटायचा. पण पितरांना जे माहीत नव्हते ते त्यांच्या पानावर वाढायचे नाही, असा त्यामागे हिशेब दिसतो. तोच बटाटा एरवी पावाबरोबर रोज सकाळी चालायचा. पावाचेही तसेच. पाव खाल्ला तर माणूस बाटतो असे म्हणणारी पिढी आपल्याच घरांत होती. आज सकाळी पोदेराचा भोंगा वाजला नाही तर आपला चहा अडतो. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई, आणि पगार, चावी, बादली, घमेले हेसुद्धा पोर्तुगिजांकडून आलेले शब्द. हापूस हे नावही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलेले.

हे ऐकून तुमच्यापैकी कुणाला वाटेल, की मग आपले असे राहिले काय? आम्हालाही ती दुपार जरा जड गेली. पण संध्याकाळी आरतीनंतर सोप्यावर बसलो असताना मुलीने उलटी गोष्ट सांगितली. तिच्या गावचा भात जगप्रसिद्ध आहे, 'पाएया' म्हणतात. रुंद, उथळ कढईत, चुलीवर, रविवारी दुपारी घरातली पुरुषमंडळी शिजवतात. त्यात कोंबडी, ससा, लांब हिरव्या शेंगा, मोठे पांढरे पावटे आणि केशर. कढईच्या तळाला जी खरपूस थर धरते तिच्यासाठी भांडणे होतात, आपल्याकडे खरवडीसाठी होतात तशीच. सगळ्यांनी कढईभोवती बसायचे, चमच्याने आपापल्या समोरचा भाग खायचा, दुसऱ्याच्या वाट्यात चमचा घालायचा नाही. आणि ती म्हणाली, हा तांदूळ आमचा नव्हे. तो अरबांनी आणला. स्पॅनिशमध्ये तांदळाला 'आर्रोस' म्हणतात, तो शब्द अरबी. साखरेला 'आसूकार', त्याचे मूळ आपल्या शर्करेत. संत्र्याला 'नारांखा', म्हणजे आपले नारिंग. वांग्याला 'बेरेन्खेना', तेही फिरत फिरत हिंदुस्थानातूनच गेलेले. म्हणजे आपली नारिंगे आणि साखर आधी तिकडे गेली, त्यांच्या मिरच्या मग इकडे आल्या. व्हॅलेन्सियाची माणसे आज संत्र्याला आपले म्हणतात, आपण मिरचीला आपली म्हणतो. दोघांचेही काही चुकत नाही.

त्या रात्री आम्हाला एवढे कळले, की पदार्थ जुना आहे म्हणून तो परंपरेचा होत नाही. तो कोणत्या दिवशी करायचा, कुणी करायचा, आधी कुणाला वाढायचा आणि का, हे घरात ठाऊक असले म्हणजे तो परंपरेचा होतो. मका कुठलाही असो, चवथीला खतखत्यात तो पडतो, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही, आणि शेजारच्या घरी वाटी जाते. एवढे असेल तर तो आपलाच.

आता आपल्या मुलांकडे वळतो. आज घरटी एक तरी मूल बाहेर आहे. त्यांना जाताना आपण लोणचे, पोहे, मसाला बांधून देतो. त्याबरोबर चार गोष्टी सांगूनही द्याव्यात. आम्ही नातवासाठी त्या पाहुण्यांकडून जे विचारून घेतले ते इथे सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

एक, शाकाहाराची काळजी. स्पेनमध्ये नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'कार्ने' म्हटले की त्यांना मटण-बीफसारखे मांस आठवते. हॅम किंवा मासा त्यात धरतातच असे नाही. 'वेजेताल' नावाचे सँडविच मागितले तर त्यात बहुधा अंडे किंवा टूना मासा निघतो. मसूर आणि हरभऱ्याच्या उसळीत डुकराच्या मांसाचा तुकडा चवीसाठी घातलेला असतो. म्हणून तिन्ही नावे घेऊन सांगायचे: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन. मांस नको, मासा नको, हॅम नको. आपली बरीच मुले मासे खातात, त्यांचे अडणार नाही. पण चवथीचे किंवा श्रावणाचे दिवस पाळायचे तर हे पाठ असावे.

दोन, निर्धास्त खाण्यासारखे पुष्कळ आहे. बटाटा आणि अंड्याचे जाड थालीपीठ म्हणावे असे 'तोर्तिया', टोमॅटो चोळलेला भाजका पाव, थंडगार टोमॅटोचे सार म्हणजे 'गासपाचो', सेव्हिलकडची पालक-हरभऱ्याची भाजी. 'पाद्रोन'च्या लहान हिरव्या मिरच्या तेलात परतून मीठ भुरभुरून देतात. बहुतेक गोड्या, एखादीच तिखट निघते आणि खाणाऱ्याची फजिती होते. आपल्या माणसाची होणार नाही!

तीन, पैशाचे. कामाच्या दिवशी दुपारी 'मेनू देल दिया' म्हणून ठराविक किमतीचे जेवण मिळते. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी. १९६०च्या दशकात सरकारी नियमांतून ही पद्धत सुरू झाली आणि आजही कामकरी आणि विद्यार्थी त्यावर जेवतात. आपली राइसप्लेटच ती. पोटभर जेवण दुपारी करावे आणि रात्री हलके, यात पैसाही वाचतो.

चार, जेवणाची रीत. हात मांडीवर लपवायचे नाहीत, मनगटे टेबलावर दिसली पाहिजेत. पाव ताटाबाहेर, टेबलावरच ठेवतात. ती घाण नव्हे. दुसरा जेवत असेल तर 'ब्वेन प्रोवेचो' म्हणायचे. आपण पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणतो ना, अगदी तसेच. आणि जेवण झाल्यावर उठून जायचे नाही. ताटे उचलली तरी तासभर गप्पा मारत बसतात, त्या बसण्याला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, 'सोब्रेमेसा'. आपल्याकडे पानाचा डबा घेऊन सोप्यावर बसायची रीत होती, तीच. आता आपल्याकडे जेवण झाले की जो तो आपापला फोन घेऊन आपापल्या खोलीत. त्या मुलाने हा शब्द सांगितला तेव्हा आम्हालाच वाईट वाटले.

पाच, निरोप. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ते 'आस्ता ल्वेगो' म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. परत कधी न भेटणाऱ्या दुकानदारालाही तेच. पण आभाराच्या बाबतीत फरक आहे. तिथे पाणी दिले तरी 'ग्रासियास' म्हणायचे. आपल्या घरात आईला कुणी धन्यवाद देत नाही. ती मुलगी प्रत्येक वाढपाला आभार मानू लागली, तेव्हा आजी म्हणाली, "बाय, घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत." ती म्हणाली, "मग त्यांना कसे कळते?" हाही प्रश्न आम्ही अजून विसरलो नाही.

सणांचेही सांगायला हवे. नववर्षाच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा टोल्यांबरोबर बारा द्राक्षे खायची, टोल्याला एक. सहा जानेवारीला तीन राजांचा सण; त्या दिवशी मुलांना भेटी मिळतात आणि वर्तुळाकार गोड पाव कापतात. त्यात एक छोटी बाहुली आणि एक पावटा लपवलेला असतो. बाहुली मिळाली तो त्या दिवसाचा राजा, पावटा मिळाला त्याने पावाचे पैसे द्यायचे. आमच्या नातवाला कुणी अशा घरी बोलावले तर त्याने जावे, बारा द्राक्षेही खावीत. पण तिथे त्यालाही विचारतील, "तुमच्याकडे काय करतात?" तेव्हा त्याने मान खाली घालू नये. हेच आमचे आजचे सांगणे आहे. परक्या पानावर बसायला जाण्यापूर्वी आपल्या पानावर काय आहे ते माहीत असावे.

आणि आता ती दुःखाची गोष्ट.

माटोळी बांधायच्या वेळी पाहुणे आमच्या अंगणात होते. तुम्हाला माहीत आहे, आदल्या दिवशी डिचोलीचा माटोळीचा बाजार कसा फुलतो. सत्तरीच्या, दोडामार्गच्या बाजूने बाया टोपल्या घेऊन येतात. पण आमच्या घरची माटोळी बाजारातून पुरी होत नाही. वाड्यावरच्या एक काकी रानात जाऊन तिचे सामान आणत. आमच्या लग्नापासून त्यांनीच आणले. त्या अंगणात बसून केवणीच्या दोरीने एकेक जिन्नस बांधत होत्या, आणि ती मुलगी समोर उकिडवी बसून विचारत होती, आमची नात भाषांतर करत होती. "हें कवंडळ, दिसता सोबीत पूण कडू. ह्यो घागऱ्यो, सुकल्यो की वाजतात. हीं कांगलां." मग आमाडे, तोरिंग, चिबूड, सुपारीचे घोस, नारळ, त्यांच्याच शेजारी अननस आणि पपई. कोणते झाड कुठल्या बाजूला सापडते, कोणते उतारावर, कोणते पाणवठ्याजवळ, कोणत्या फळाने जनावराची जखम धुतात, काकी सगळे सांगत होत्या. आम्ही तेव्हा आत नैवेद्याच्या गडबडीत. मनात म्हटले, काकी काय, दर वर्षी सांगतातच.

काकी यंदाच्या चैत्रात गेल्या.

आषाढ संपला तेव्हा आमच्या लक्षात आले, की माटोळीचे सामान आणायचे कोण, आणि काय काय आणायचे? आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. सतरा नावांवर अडलो. काकींच्या मुलाला विचारले, तो खाणीच्या ट्रकवर होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा काम शोधत बाहेरगावी गेला, त्याला रान कधी पाहायलाच मिळाले नाही. त्यातून ज्या उतारांवर काकी जात त्यातले काही खणून गेलेले. शेवटी नातीने त्या मुलीला निरोप पाठवला. तिने वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवली. रोमन लिपीत, स्पॅनिश उच्चाराने लिहिलेली एकतीस नावे, काहींच्या बाजूला चित्रे, काहींच्या बाजूला काकींनी सांगितलेली जागा. आम्ही दोघे ती मोठ्याने वाचत होतो, तीन-तीनदा, तेव्हा कुठे एखादे नाव ओळखू यायचे. चार नावे अजून उलगडली नाहीत.

मंडळी, आमच्या घरच्या माटोळीची यादी आमच्या घरात नव्हती. ती व्हॅलेन्सियातल्या एका मुलीच्या वहीत होती, कारण तिने विचारले आणि आम्ही विचारले नाही. तिला आम्ही दोन दिवस जेवू घातले म्हणून आम्ही स्वतःला यजमान समजत होतो. खरे देणे तिनेच दिले.

सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, त्यात शेकडो जिन्नसांच्या माटोळ्या पाहायला मिळतात, ते चांगलेच आहे. पण बक्षिसाची माटोळी वेगळी आणि आपल्या घरची वेगळी. आपल्या घरच्या माटोळीत कोणते फळ कुठे बांधायचे हे परीक्षक सांगणार नाही.

म्हणून आमची मंडळाला एक विनंती आहे. विसर्जनाआधी प्रत्येक घराने एक वही करावी. शाळेची शंभर पानी वही पुरे. त्यात पहिल्या पानावर आपल्या घरी चवथीला काय काय शिजते ते क्रमाने लिहावे, आणि प्रत्येकापुढे 'का' हे लिहावे. कारण ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. दुसऱ्या भागात माटोळीची नावे, सापडण्याची जागा, आणि ती ओळखणाऱ्या माणसाचे नाव. लिहिण्याचे काम नातवंडांना द्यावे, आपण नुसते बोलावे. आमच्या वहीत आज सत्तावीस नावे आहेत. उरलेली चार कुणाला ओळखू येत असतील तर कार्यक्रमानंतर आम्हाला भेटा, आम्ही ती कागदावर लिहून आणली आहेत.

नातवाच्या बॅगेत त्या वहीची एक प्रत जाणार आहे. तो व्हॅलेन्सियात त्या मुलीला भेटणार आहे आणि तिच्या आईच्या हातचा भात खाणार आहे. आम्ही त्याला सांगितले आहे, की आजीच्या वतीने तिचे आभार मान. ती म्हणेल, घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत असे तुझ्याच आजीने सांगितले होते. तर तिला म्हण, की आजीने तेवढ्यापुरते आपले म्हणणे मागे घेतले आहे.

प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये, आणि प्रसाद घेतल्यावर लगेच उठूही नये. घटकाभर बसू या.

गणपती बाप्पा मोरया!